बिनतारी धागा कोठे तुटला?

पाठपरिचय

घरातील दिवा लागला नाही, तर माणूस प्रथम शेजारच्या घरात उजेड आहे का ते पाहतो. शेजारी उजेड असेल, तर दोष आपल्याच घरात आहे हे त्याला कळते. हे साधे शहाणपण संगणकापुढे बसल्यावर मात्र अनेकदा विसरले जाते. पडद्यावर ‘इंटरनेट नाही’ अशी अक्षरे दिसताच कोणी पासवर्ड बदलतो, कोणी राउटर उघडतो, तर कोणी संपूर्ण संगणकच पुसून नव्याने भरायला निघतो.

मुक्त विद्यालयातून शिकणाऱ्यांसाठी ही अडचण किरकोळ नाही. रोज वर्गात न बसता शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा अभ्यासकेंद्राशी असलेला संबंध बऱ्याच अंशी याच धाग्यावर टिकून असतो. प्रस्तुत पाठात जबलपूरजवळील खमरिया येथील एका मराठी कुटुंबातील प्रसंग दिला आहे. कुटुंब कल्पित आहे. दोष, तो शोधण्याची पद्धत आणि पुढे उल्लेखिलेल्या घटना मात्र खऱ्या आहेत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• वायफायची जोडणी कोणकोणत्या दुव्यांनी बनते ते सांगता येईल;
• अपडेटनंतर जोडणी बंद पडल्यास दोषाची जागा क्रमाने शोधता येईल;
• उलट फिरवता येणारे आणि न येणारे उपाय यांतील भेद स्पष्ट करता येईल;
• अपडेट घेणे का आवश्यक आहे ते पटवून देता येईल.

मूळ पाठ

खमरिया हे नाव तेथील आयुध निर्माणीमुळे देशभर परिचित आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४२ मध्ये, येथे दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. २०२१ मध्ये देशातील आयुध निर्माण्यांची पुनर्रचना झाली. तेव्हापासून हा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे. कारखान्याबरोबर वसाहत वाढली. ईस्टलँड, वेस्टलँड असे तिचे भाग वसले. निरनिराळ्या प्रांतांतून माणसे येथे कामाला आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती.

अशाच एका कुटुंबातील सून वयाच्या चौतिसाव्या वर्षी दहावीच्या परीक्षेची तयारी करीत होती. नववीनंतर तिची शाळा सुटली; पुढे लग्न, संसार आणि मुले यांत वर्षे निघून गेली. धाकटा मुलगा शाळेत जाऊ लागला, तेव्हा तिने मुक्त विद्यालयात नाव नोंदवले. मराठीचा गृहपाठ तिने स्वयंपाक आटोपल्यावर, रोज रात्री थोडा थोडा असा, आठ दिवसांत संगणकावर टंकित केला होता. तो त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजण्यापूर्वी ईमेलने अभ्यासकेंद्रातील शिक्षकांकडे पोहोचायचा होता. गृहपाठाला गुण होते. आणि गुणांहूनही मोठी गोष्ट अशी, की सतरा-अठरा वर्षांनंतर तिने लिहिलेले काही तरी प्रथमच कोणी तपासणार होते.

दुपारी एक वाजता तिने संगणक सुरू केला. पडद्याच्या कोपऱ्यातील वायफायचे पंख्यासारखे चिन्ह नाहीसे झाले होते. त्याच्या जागी पृथ्वीच्या गोलाचे चिन्ह होते आणि त्याखाली ‘जोडलेले नाही’ अशी सूचना होती. तिने संगणक दोन वेळा बंद करून चालू केला. काहीच फरक पडला नाही. ओळखीच्या एका मुलाला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, “काकू, फॉरमॅट मारून टाका. अगदी नव्यासारखा होईल.”

तिने तशी खिडकी उघडली. पडद्यावर दोन पर्याय आले : ‘माझ्या फाइली ठेवा’ आणि ‘सर्व काही काढून टाका’. नव्यासारखा करायचा म्हणजे दुसराच पर्याय असणार, असे तिला वाटले.

शेजारी आरामखुर्चीवर तिचे सासरे बसले होते. घरात त्यांना सारे नाना म्हणत. नानांचे वडील निर्माणीत होते. नाना स्वतः मात्र दूरसंचार खात्यात लाइनमन म्हणून लागले आणि तेथूनच निवृत्त झाले. संगणकाला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

“सूनबाई, ‘सर्व काही’ म्हणजे त्यात तुझा गृहपाठही आला का?” त्यांनी विचारले.

तिचा हात जागच्या जागी थांबला. ती हळूच म्हणाली, “आला असता, नाना.”

“मग तो आधी बाजूला काढून ठेव. ज्या पावलावरून मागे येता येत नाही, ते पाऊल सर्वांत शेवटी टाकायचे.”

तिने ती खिडकी बंद केली आणि गृहपाठाची एक प्रत पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. नाना खुर्ची पुढे ओढून बसले.

“काल रात्री यंत्र चालत होते ना?”

“हो नाना. साडेदहाला शेवटची ओळ लिहिली. बंद करताना ते ‘अपडेट करून बंद करा’ असे दाखवत होते. तेच दाबले.”

“म्हणजे चालणे आणि न चालणे यांच्यामध्ये एकच गोष्ट घडली आहे. तिच्यावर संशय ठेव, पण लगेच शिक्षा देऊ नकोस. आधी लाइन तपासू.”

खांबावरच्या तारांचे टेलिफोन होते, तेव्हा एखाद्या घरचा फोन बंद पडला की संपूर्ण तार कोणी बदलत नसे. लाइनमन अधल्यामधल्या खांबावर चढे, तपासणीचा फोन जोडे आणि ऐके. एक्सचेंजकडून आवाज येत असेल, तर तिथपर्यंतची लाइन निर्दोष. मग उरलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग करायचे. असे करीत गेले की दोष लपायला जागाच उरत नसे. नानांनी तीच रीत येथे लावली.

“या घरात वायफायवर चालणारे दुसरे काय आहे?”

“माझा मोबाईल.” तिने मोबाईलवर एक पान उघडून पाहिले. ते झटकन उघडले. “चालतो आहे. म्हणजे घरचे वायफाय ठीक आहे.”

“ते पान कोणत्या वाटेने आले?” नानांनी विचारले.

तिला क्षणभर अर्थ कळला नाही. मग ध्यानात आले, की मोबाईलमधील सिमकार्डाचा डेटाही चालू होता. पान वायफायवरून आले की मोबाईल कंपनीच्या मनोऱ्यावरून, हे सांगता येत नव्हते. तिने मोबाईल डेटा बंद केला, केवळ वायफाय चालू ठेवले आणि नवे पान उघडले. तेही उघडले. आता खात्री झाली : बाहेरून येणारी लाइन आणि घरातील राउटर दोन्ही निर्दोष होते. अर्धी लाइन मोकळी झाली.

उरला संगणक. एरवी त्यावर शेजारच्या पाच-सहा घरांच्या वायफायची नावे दिसत. आज एकही नाव नव्हते. एवढेच नव्हे, तर सेटिंगमध्ये वायफायची ओळच नव्हती. विमान मोड बंद होता. कळफलकावरील वायफायची कळ दाबून पाहिली, तीही निरुपयोगी ठरली. पासवर्ड चुकला असता, तर निदान नावे तरी दिसली असती. म्हणजे संगणकाचा कानच बंद झाला होता.

तिने संगणक पुन्हा एकदा सुरू केला, पण या वेळी ‘शट डाउन’ न निवडता ‘रीस्टार्ट’ निवडले. दोष कायम राहिला. मग तिने डिव्हाइस मॅनेजर उघडले. ‘नेटवर्क अडॅप्टर’ या यादीत वायफाय कार्डाच्या नावापुढे एक पिवळा त्रिकोण होता. त्यावर दोनदा टिचकी मारल्यावर सूचना दिसली : हे उपकरण सुरू होऊ शकत नाही, कोड १०. ‘इव्हेंट्स’ या कप्प्यात त्या कार्डाच्या नोंदी होत्या. सर्वांत अलीकडची नोंद आदल्या रात्रीची होती : नवा ड्रायव्हर बसवला.

“सापडले, नाना!” ती म्हणाली. “कार्ड जागेवर आहे. त्याला चालवणारा ड्रायव्हर रात्री बदलला गेला.”

“छान. आता दुरुस्तीला लागण्याआधी घड्याळ बघ.”

तीन वाजून गेले होते. नाना म्हणाले, “आम्ही आधी ग्राहकाचे बोलणे सुरू करून देत असू, मग सावकाश दोष काढत असू. तुझा गृहपाठ पाठवायला दुसरी वाट आहे का?”

वाट होती. तिने चार्जिंगची केबल काढून मोबाईल संगणकाला जोडला आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केले. संगणकाला तारेने इंटरनेट मिळाले. तीन वाजून वीस मिनिटांनी गृहपाठ रवाना झाला.

मग तिने शांतपणे पुन्हा डिव्हाइस मॅनेजर उघडले आणि ‘ड्रायव्हर’ या कप्प्यातील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ ही कळ दाबली. संगणकाने कारण विचारले. तिने यादीतील एक कारण निवडले. पडदा क्षणभर लुकलुकला. पिवळा त्रिकोण गेला आणि शेजाऱ्यांची नावे एकामागून एक उमटू लागली. त्यांत स्वतःच्या घराचे नाव पाहून तिला हसू आले.

“नाना, आता हे अपडेट कायमचेच बंद करून टाकू का?”

“वादळात तार तुटली म्हणून आम्ही खांब उपटून टाकले नाहीत,” नाना म्हणाले. “थोडे दिवस थांबव. बंद करू नकोस.”

तिने अपडेट एका आठवड्यापुरते थांबवले. वहीच्या मागच्या पानावर तारीख घातली आणि तीन ओळी लिहिल्या : काय बदलले, काय बिघडले, कशाने सुधारले. लिहून होते तोच संगणकावर शिक्षकांचे उत्तर आले. त्यात एकच शब्द होता : ‘मिळाला.’

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.
१. मोबाईल डेटा बंद करून वायफाय तपासल्यामुळे कोणती गोष्ट सिद्ध झाली?
(अ) संगणक जुना आहे (आ) राउटर व बाहेरील लाइन निर्दोष आहे (इ) पासवर्ड चुकला आहे
२. नानांनी सर्वांत आधी काय करायला सांगितले?
(अ) गृहपाठाची प्रत काढून ठेवणे (आ) राउटर बदलणे (इ) अपडेट बंद करणे

चला, समजून घेऊ या

(१) धाग्याचे दुवे

वायफाय म्हणजे रेडिओलहरींनी होणारी बिनतारी जोडणी. घरगुती वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यांत चालते. जोडणीचे पाच दुवे लक्षात ठेवावेत : बाहेरून घरात येणारी लाइन, राउटर, हवेतील लहरी, संगणकातील वायफाय कार्ड आणि त्या कार्डाला चालवणारा ड्रायव्हर. पहिले चार दुवे वस्तू किंवा लहरी आहेत. पाचवा मात्र आज्ञावली आहे. अपडेटने हात लागतो तो बहुधा या पाचव्या दुव्याला.

ड्रायव्हर हा दुभाष्यासारखा असतो. संगणकाची मुख्य प्रणाली एक भाषा बोलते, कार्डाला दुसरी कळते. दुभाष्या बदलला आणि नव्याला त्या कार्डाची बोली नीट येत नसली, तर दोघेही धडधाकट असून संवाद बंद पडतो. कधी तो अर्धवट बंद पडतो : एका पट्ट्यावरील वायफाय दिसते, दुसऱ्यावरील दिसत नाही.

‘शट डाउन’ आणि ‘रीस्टार्ट’ यांतही भेद आहे. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय चालू असल्यास ‘शट डाउन’ करताना प्रणालीच्या गाभ्याची स्थिती जपून ठेवली जाते व पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र प्रणाली मुळापासून सुरू होते. म्हणून तपासणी करताना ‘रीस्टार्ट’च निवडावे.

(२) अपडेटही चुकू शकते

संगणक बिघडला की नवशिका माणूस स्वतःला दोष देतो. तो दोष नेहमीच त्याचा नसतो. मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीमुळे असंख्य लोक घरून काम करू लागले असतानाच, विंडोज १० च्या एका अपडेटमुळे काही संगणकांवर इंटरनेट मर्यादित असल्याचे किंवा मुळीच नसल्याचे चिन्ह दिसू लागले. प्रॉक्सी किंवा व्हीपीएन वापरणाऱ्यांना हा त्रास विशेष झाला. मायक्रोसॉफ्टने ३० मार्च २०२० रोजी त्यावर स्वतंत्र दुरुस्ती दिली. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या अपडेटनंतर काही संगणक काही वायफायशी जोडले जाईनात. कार्यालये, शिक्षणसंस्था आणि सार्वजनिक जागा येथील वायफायवर हे अधिक आढळले. तेव्हा कंपनीने दूरवरून तो बदल मागे घेतला. खमरियातील सुनेने जे एका कळीने केले, तेच कंपनीने मोठ्या प्रमाणावर केले.

(३) तरीही अपडेट का घ्यावे?

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला. तो फाइली कुलूपबंद करून खंडणी मागत असे. ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते, ते संगणक प्रामुख्याने बळी पडले. म्हणून अपडेट काही दिवस थांबवणे ही सावधगिरी ठरते. ते कायमचे बंद करणे हा निष्काळजीपणा ठरतो.

(४) उपायांचा क्रम

१. महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढावी.
२. मोबाईल डेटा बंद ठेवून त्याच वायफायवर दुसरे उपकरण चालते का ते पाहावे. ते चालत नसेल, तर राउटर व लाइन तपासावी.
३. संगणकावर विमान मोड आणि वायफायची कळ पाहावी. नंतर ‘रीस्टार्ट’ करावे.
४. घराच्या वायफायचे नाव दिसत असूनही जोडणी होत नसेल, तर ते ‘विसरा’ ही आज्ञा देऊन पासवर्ड पुन्हा घालावा.
५. नावेच दिसत नसतील, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड पाहावे व ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरावे. ती कळ पुसट असेल, तर जुना ड्रायव्हर संगणकात शिल्लक नाही असे समजावे. अशा वेळी टेदरिंगने किंवा दुसऱ्या संगणकावरून, संगणकाच्या निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच ड्रायव्हर घ्यावा.
६. तरीही यश न आल्यास नुकतेच आलेले अपडेट काढून पाहावे.
७. ‘नेटवर्क रीसेट’ त्यानंतर करावे. कारण त्यानंतर वायफायचे पासवर्ड पुन्हा घालावे लागू शकतात.
८. फॉरमॅट हा अगदी अखेरचा उपाय होय.

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर तपासून पाहावे. एकदम चार गोष्टी बदलल्या, तर कशाने गुण आला ते कळत नाही आणि कशाने नवे बिघडले तेही कळत नाही.

पाठगत प्रश्न २

रिकाम्या जागा भरा.
१. मुख्य प्रणाली आणि कार्ड यांच्यामधील दुभाष्या म्हणजे ______.
२. प्रणाली मुळापासून सुरू करण्यासाठी ______ ही आज्ञा निवडावी.
३. मोबाईल केबलने जोडून संगणकाला इंटरनेट देण्यास ______ म्हणतात.

तुम्ही काय शिकलात?

• दोष शोधताना शेवटी काय बदलले ते प्रथम विचारावे.
• जोडणीचे भाग पाडून एकेक भाग निर्दोष ठरवत गेले, की दोषाची जागा सापडते.
• काम अडले असेल, तर आधी तात्पुरती वाट काढावी, मग दुरुस्ती करावी.
• ज्यावरून मागे येता येते ते उपाय आधी, येता येत नाही ते शेवटी करावेत.

शब्दार्थ

बिनतारी – तारेवाचून चालणारे
आज्ञावली – संगणकाने करावयाच्या कामांच्या सूचनांचा संच
दुभाष्या – दोन भाषांत बोलणाऱ्यांचा संवाद घडवून आणणारा
राउटर – बाहेरून आलेले इंटरनेट घरातील उपकरणांना वाटून देणारे यंत्र
निदान – दोषाचे मूळ ओळखणे. (दुसरा अर्थ) कमीत कमी

पाठान्त प्रश्न

१. ‘ते पान कोणत्या वाटेने आले?’ या नानांच्या प्रश्नाचे महत्त्व स्पष्ट करा.
२. टेलिफोनच्या तारेतील दोष शोधण्याची रीत आणि वायफायमधील दोष शोधण्याची रीत यांतील साम्य आठ-दहा ओळींत लिहा.
३. ‘संशय ठेव, पण लगेच शिक्षा देऊ नकोस’ हे वाक्य संगणकाखेरीज आणखी कोणत्या प्रसंगी उपयोगी पडेल? तुमच्या अनुभवातील एक उदाहरण द्या.
४. ‘निदान’ हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरून दोन वाक्ये तयार करा.
५. तुमच्या घरातील एखादे यंत्र बंद पडल्यास तुम्ही कोणत्या क्रमाने तपासाल? पाच पायऱ्या लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (१) आ (२) अ
२. (१) ड्रायव्हर (२) रीस्टार्ट (३) यूएसबी टेदरिंग